हजेरीपटावरचे नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते मागाच्या खडखडाटात आणि सार्वजनिक वाचनालयात. बोनस आणि हजेरी यांवर आम्ही दोन तास बोलू. पण विषय निघाला माहितीपटांचा, आणि बाईपण-पुरुषपणाविषयीच्या रूढींचा. चालक म्हणाले, "तुम्ही कामगारांना चित्रपट दाखवता, त्यात काय पाहिलेत तेवढेच सांगा." तेवढेच सांगतो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मागावर पुरुष असतो आणि कांडीवर बाई. कांडी भरणे हलके काम, म्हणून त्याची मजुरी कमी, असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आणि इतरांनाही ऐकवत आलो. काम हलके म्हणून मजुरी कमी, की करणारी बाई म्हणून काम हलके ठरले, हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नाही. रूढीचे बळ यातच असते. ती आज्ञा करत नाही. ती सवयीचा आवाज घेऊन बोलते.

१९८० साली दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' हा गट उभा केला. १९८१ साली त्यांनी पुण्याच्या घरकामगार बायांच्या संघटनेवर 'मोलकरीण' हा माहितीपट काढला. पुढच्याच वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा दुसरा. दोन्ही लहान, सुमारे पंचवीस मिनिटांचे. दुसऱ्या चित्रपटासाठी ही मंडळी निपाणीत चार महिने राहिली. बायांचे ऐकायचे, त्यांच्या सभांत बसायचे आणि काय चित्रित करायचे ते त्यांच्याशी बोलून ठरवायचे, अशी त्यांची रीत. म्हणून त्या चित्रपटात कोणी विद्वान बायांविषयी बोलत नाही. बायाच आपल्या कामाची, जाचाची आणि संघटनेची हकीकत सांगतात.

हा चित्रपट आम्ही आमच्या कामगारांना दाखवला. त्याआधी संघटनेच्या अहवालात आम्हीच लिहिले होते की, 'स्त्री सभासदांना सभांमध्ये रस नाही.' चित्रपट संपला, दिवे लागले, आणि कांडीवरची एक बाई उभी राहिली. म्हणाली, "दादा, तुमची सभा रात्री आठला. आठ वाजता आमची चूल तुम्ही सांभाळता काय?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी जाऊन तो अहवाल पुन्हा वाचवेना. पुढची सभा सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवली, तेव्हा बायांना बसायला सतरंजी अपुरी पडली. 'रस नाही' हे वाक्य त्यांच्याविषयी नव्हते, आमच्याविषयी होते.

आता याहून अवघड गोष्ट सांगायची आहे. एका कारखान्यात मागावर एक उत्तम कारागीर होता. 'होता' असे आम्ही तेव्हा म्हणत असू. 'होती' म्हणायला हवे होते. एके दिवशी ती साडी नेसून पाळीवर आली आणि म्हणाली, "हजेरीपटावर माझे बाईचे नाव लिहा." शेडमध्ये हशा पिकला. आठवड्याच्या आत मालकाने तिला काढून टाकले. ती संघटनेच्या कचेरीत आली, आणि आम्ही, मजुरांचे कैवारी म्हणवणारे, तिला म्हणालो, "हा कामाचा प्रश्न नाही, तुमचा खाजगी प्रश्न आहे." ती काही बोलली नाही. जिना उतरून गेली.

पुढे काही वर्षांनी एका चित्रपट मंडळात आम्ही 'पॅरिस इज बर्निंग' पाहिला. जेनी लिव्हिंग्स्टन यांनी १९८० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चित्रित केलेला आणि १९९० साली पूर्ण केलेला हा माहितीपट. गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची समलिंगी माणसे, आणि जन्मतः पुरुष गणल्या गेलेल्या पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणाऱ्या व्यक्ती, सभागृहात भरवलेल्या स्पर्धांत सजून चालतात. कोणी मोठ्या कंपनीतला अधिकारी बनतो, कोणी श्रीमंत घरची बाई. ज्या नोकऱ्यांची दारे त्यांना बंद, त्यांचाच पोशाख घालून ते बक्षीस मिळवतात. ते पाहताना आमच्या ध्यानात आले की, साहेबाचा कोट हाही एक सोंगाचाच कपडा आहे. फक्त साहेबाला कोणी हसत नाही. चित्रीकरण चालू असतानाच, १९८८ साली, त्यांतली व्हीनस नावाची तरुणी मारली गेली. म्हणजे 'खाजगी प्रश्न' म्हणून आम्ही जो टाळला, तो पोटाचा आणि जिवाचा प्रश्न होता.

संघटनेच्या माणसाला आणखी एक प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही. ज्यांचे आयुष्य पडद्यावर आले त्यांची मजुरी किती? तो चित्रपट गाजल्यावर त्यातल्या काहींनी हाच प्रश्न विचारला, आणि शेवटी १३ जणांत मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले. कॅमेरा सत्य दाखवतो हे खरे. पण तो कोणाच्या हातात आहे आणि पुढचा माणूस त्यात भागीदार आहे की नुसता कच्चा माल, हेही पाहिले पाहिजे. निपाणीच्या चार महिन्यांचे मोल आम्हाला तेव्हा खरे कळले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. २०१९ च्या कायद्याने अशा व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. पण कायदा हजेरीपटावर आपोआप उतरत नाही. तो उतरवायला शेजारच्या मागावरचा माणूस उभा राहावा लागतो. त्या दिवशी आम्ही उभे राहिलो नाही.

आम्ही तिला शोधले. तिची खोली रिकामी होती. कोणी म्हणे मुंबईला गेली, कोणी म्हणे सुरतेला. आमच्या सभासदपुस्तकात तिचे जुने नाव अजून आहे. ते खोडून नवे लिहावे असे फार वाटते, पण तिने सांगितलेले नाव आम्ही त्या दिवशी नीट ऐकूनसुद्धा घेतले नव्हते.

आपल्यापैकी कोणी कारखानदार असेल, कोणी शिक्षक, कोणी कचेरीतला कारकून. प्रत्येकाच्या हाती एखादे तरी नोंदीचे पुस्तक आहे. कोणी आपले नाव सांगायला आले, तर आधी ते ऐकून घ्या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.