फॉर्म भरला, पण पूर्ण भरला का?

(रौप्यमहोत्सवी सभेत सचिवांनी केलेले भाषण)



आत्तापर्यंत सगळे पाण्याच्या टाकीवर आणि पार्किंगवर बोलले. मी एका कागदावर बोलणार आहे, नॉमिनेशनच्या फॉर्मवर.

आपल्यातले एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, गेले. काकू ऑफिसात आल्या. फाईल उघडली. फॉर्म होता, काकूंचं आणि मुलाचं नावही होतं. पण कुणाचा हिस्सा किती, तो रकाना कोरा. साक्षीदाराची सही एकच. खाली पोच मात्र माझ्या सहीची! मग प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं, सात महिने हेलपाटे. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

तेव्हा ठरवलं, फॉर्मनेच भरणाऱ्याला वाट दाखवायची. नमुना आदर्श उपविधींच्या परिशिष्टात आहे, त्यातला मजकूर आपण बदललेला नाही. फक्त त्याची भरता येणारी पीडीएफ केली. कंपन्यांच्या सरकारी ई-फॉर्ममध्ये 'चेक फॉर्म' असं बटण असायचं. माहिती अपुरी राहिली की तिथेच अडवायचं. आपल्यालाही तसंच काहीतरी हवं होतं.

सॉफ्टवेअर दोन पाहिली. अॅडोबी अॅक्रोबॅटमध्ये रकाना सक्तीचा करता येतो, हिश्शांची बेरीज १०० होते का तेही तपासता येतं. पण फॉर्म तयार करायची आवृत्ती विकतची, आणि ही तपासणी मोबाईलवरच्या बऱ्याच अॅपमध्ये चालतच नाही. दुसरं लिबरऑफिस. ते फुकट आहे, आणि त्यातल्या रायटरमधूनही भरता येणारी पीडीएफ निघते. आपले निम्मे सभासद मोबाईलवरच फॉर्म उघडणार, म्हणून आपण लिबरऑफिस घेतलं.

चाचणीत दोन गोष्टी कळल्या. माउस नेल्यावर दिसणारी सूचना मोबाईलवर दिसत नाही, कारण तिथे माउसच नाही! म्हणून प्रत्येक रकान्याशेजारीच सूचना छापली: 'सर्व हिस्से मिळून १००', 'नॉमिनी अज्ञान असल्यास जन्मतारीख व पालकाचे नाव'. दुसरं म्हणजे, काही मोबाईलवर मराठी टाईप केलं की जोडाक्षरं फुटतात. म्हणून नातं आणि हिस्सा टाईप करायचा नाही, यादीतून निवडायचा. नाव नीट उमटलं नाही तर प्रिंटवर पेनाने लिहा, लाजू नका.

एक लक्षात ठेवा. मोबाईलवर भरला म्हणजे फॉर्म दिला असं नाही. तीन प्रती काढा, सही करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, ऑफिसात द्या आणि पोच मागा. कार्यकारिणीच्या सभेत त्याची नोंद होईल. आणि नॉमिनेशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. घराचा खरा हक्क वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो, त्यामुळे तेही करून ठेवा.

ज्यांना मोबाईल जमत नाही, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी दोन कॉलेजची पोरं ऑफिसात बसतील. हिस्सा किती, हे मात्र त्यांना विचारू नका. ते घरी बसून, बायकोशी बोलून ठरवा.

नव्या नमुन्यावर पहिला फॉर्म काकूंनीच भरून दिला. मी एकेक रकाना तीनदा पाहिला, मगच पोच दिली.