पुरुषांचे अकाली मृत्यू : स्वभावाचा दोष की व्यवस्थेचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पुरुष लवकर का मरतो, या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली असतात. निसर्गानेच त्याला आयुष्य कमी दिले, हे एक; तो दारू-तंबाखू सोडत नाही आणि डॉक्टरकडे जात नाही, हे दुसरे. एक उत्तर दोष निसर्गावर टाकते, दुसरे माणसावर. दोन्हींत समाजव्यवस्था निर्दोष सुटते.

या उत्तरांची परीक्षा रशियाच्या इतिहासाने घेतली आहे. 1985 मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या राजवटीत मद्याच्या उत्पादनावर व विक्रीवर कडक निर्बंध आले. 1987 पर्यंत रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान 65 वर्षांच्या जवळ पोहोचले. पुढे निर्बंध सुटले, सोव्हिएत संघ कोसळला, कारखाने बंद पडले, वेतन थकले, महागाईने बचत गिळली. व्होडका मात्र स्वस्त झाली. 1994 मध्ये तेच आयुर्मान 58 च्याही खाली आले. स्त्रियांचे आयुर्मानही घटले, पण त्याच्या सुमारे निम्म्यानेच. सात वर्षांत माणसाचे शरीर बदलत नाही, स्वभावही बदलत नाही. बदलते ती परिस्थिती. पुढे मद्यविक्रीवर पुन्हा नियंत्रणे आली, जीवनमान सावरले आणि 2019 मध्ये हा आकडा 68 वर गेला.

भारतात 2016-20 या काळात पुरुषांचे सरासरी आयुर्मान 68.6 वर्षे होते, स्त्रियांचे 71.4. या अंतरामागची माणसे कोण? 2021 मध्ये देशात 1,64,033 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी 1,18,979 पुरुषांच्या होत्या. एकूण आत्महत्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवरील मजुरांच्या होत्या. दगडखाणीत आणि खडी फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, त्यातून क्षयाचा धोका वाढतो आणि अनेकदा क्षय समजूनच त्यावर वर्षानुवर्षे उपचार होत राहतात.

मग हा माणूस वेळेवर डॉक्टरकडे का जात नाही? सरकारी तपासणी मोफत असते, हे खरे. पण मजुराला ती मोफत पडत नाही. बाह्यरुग्ण विभाग उघडा असतो ती वेळ त्याच्या कामाची. रांगेत सकाळ गेली की दिवसाची मजुरी बुडते. तीच त्या तपासणीची किंमत. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, म्हणून ही किंमत तो मोजत नाही. अंग कामाला साथ देईनासे झाले की मगच तो जातो. याला बेफिकिरी म्हणणे हा अन्याय आहे. हा दारिद्र्याचा हिशेब आहे.

स्त्रियांच्या आरोग्याची एवढी हेळसांड होत असताना पुरुषांची चिंता कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. स्त्रियांच्या वाट्याची एकही तरतूद कमी होता कामा नये. परंतु चाळिशीतला कर्ता पुरुष गेला की त्याचे कर्ज पत्नीच्या डोक्यावर येते आणि मुलांची शाळा सुटते. शिवाय वेदना गिळणे हाच पुरुषार्थ मानणारी आणि बाईला दुय्यम ठरविणारी विचारसरणी एकच आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दवाखाने संध्याकाळी व सुटीच्या दिवशी उघडे राहावेत. तिशीपासूनची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी मजूर नाक्यावर व्हावी. तपासणीच्या दिवसाची मजुरी कंत्राटदाराने द्यावी. खाणीत पाणी मारूनच छिद्रण व्हावे. दारूवरील करातून राज्याला मिळणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा व्यसनमुक्तीला मिळावा.

सरकारची वाट न पाहता करण्याजोगे कामही आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत गेल्या पाच वर्षांत साठीच्या आत मरण पावलेल्यांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूच्या कारणाबरोबर त्याचा धंदाही लिहावा. ती यादी हाती घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले, तर स्वभावाची सबब फार काळ टिकणार नाही.