ठरलेली जागा



आयोजकांनी मला ‘आपल्या बॅचची धमाल’ सांगायला पाच मिनिटं दिली आहेत. मी एकाच रात्रीचं सांगतो, गेल्या अनंत चतुर्दशीच्या.

1987 साली आपण दहावी झालो. तेव्हा आम्ही सहा जण विसर्जन मिरवणुकीत रात्रभर हिंडायचो. मोबाईल नव्हते, म्हणून नियम होता : चुकलात तर अलका टॉकीज चौकात यायचं. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता. कुठूनही निघा, मिरवणूक शेवटी तिथंच येते.

गेल्या वर्षी टूम निघाली, पुन्हा तशीच रात्र काढायची! खिशात बीपीच्या गोळ्या, गुडघ्याला पट्टा. पण बेलबाग चौकात ढोल घुमला आणि पाय ऐकेनात. गुलालात माखलो, घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि तासाभरात सहा जण सहा दिशांना पांगलो. फोन लागेनात.

त्या सहांतल्या एकाशी मी अकरा वर्षं बोलत नव्हतो. तो माझ्या कर्जाला जामीन राहिला होता. मी हप्ते थकवले, ते त्याच्या पगारातून कापले गेले. पुढे पैसे मी फेडले, पण माफी मागितली नाही. उलट ‘तोच दुरावला’ असं सगळ्यांना सांगत फिरलो. त्या रात्रीही आम्ही घोळक्याच्या दोन टोकांना चालत होतो.

बारा वाजले, स्पीकर थांबले. मी अलका चौकात पोचलो. बाकीचे नियम विसरून घरी गेले होते. तो मात्र उभा होता, हातात चहाचे दोन कप.

“दोन कशाला?”

“कुणीतरी येणार, माहीत होतं.”

मी म्हटलं, “चुकलो रे.”

“गर्दीत?”

“नाही. तेव्हा.”

तो काही क्षण गप्प राहिला. मग कप पुढे करत म्हणाला, “घे, गार होतोय.”

उजाडेपर्यंत आम्ही तिथंच फुटपाथवर बसून होतो.

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला विचारूनच हे सांगतोय. या सभागृहात अशा आणखी दोन-चार जोड्या असतील. त्यांना एकच विनंती : आज पंगतीत शेजारी बसा. पुढच्या मेळाव्यावर ढकलू नका.