भरलेला डबा परत
(हरिहरेश्वर इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



आज दुपारी आपण सगळ्यांनी डबे एकत्र सोडले आणि जेवलो. कोण कुणाचं खातंय, कुणी बघितलं नाही. म्हणून मी डब्यावरच बोलणार आहे. हसू नका. जात बाहेरून हाकलली की स्वयंपाकघरात जाऊन दबा धरते.

गेल्या वर्षी मुंबईत ऑफिसातल्या एका मित्रानं नव्या घरी जेवायला बोलावलं. पुरोगामी माणूस. पाहुण्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये ही माझ्या आईची रीत. तिनं मोड आलेले वाल बसून सोलले, बिरडं केलं. मी डबा वहिनींच्या हातात दिला. दुसऱ्या पाहुण्यानं पेढ्यांचा बॉक्स दिला. बॉक्स लगेच फुटला, प्रत्येकाच्या ताटात पेढा आला. बिरडं आलं नाही. मासमच्छी असती तर सबब तरी मिळाली असती. निघताना वहिनी गोड हसून म्हणाल्या, "आज खूपच झालं हो, तुम्हीच घेऊन जा."

आपल्यात शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. माझा भरलेलाच परत आला. लोकलमध्ये बसून मी एकट्यानं बिरडं संपवलं आणि आईला सांगितलं, सगळ्यांना आवडलं.

कुणी म्हणेल, यजमानाच्या बेतात तुझा पदार्थ बसला नसेल. असेल बाबा. मग पेढा कसा बसला? पेढ्यावर कुणाचा हात दिसत नाही. बिरड्यावर माझ्या आईचा हात दिसतो.

हा हिशोब जुना आहे. खालच्याकडून कोरडा शिधा चाले, चूल पेटली की विटाळ. आणि आपल्या पदरात काय? वरून टाकलेलं शिळं-उष्टं. या हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. पितरांचे विधी करायला लोक येतात आणि पिंडाला कावळा शिवावा म्हणून हात जोडून उभे राहतात. कावळा शिवलेला चालतो!

महाडच्या अंगानं आलेली सावित्री इथंच, बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या महाडात १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, तेव्हा ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० तारखेला बाबासाहेबांसोबत आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मग टोळकी मांडवात घुसली, जेवत्या माणसांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. पाण्याचा राग त्यांनी अन्नावर काढला.

म्हणजे नुसतं एका पंगतीत बसून भागतं असंही नाही. सहभोजनानं जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये स्पष्ट लिहिलं. तरी डबा सोडू नका. पंगतीत कुणीही बसवून घेतो. तुमच्या घरचं तो खातो का, ते बघा.

आणि आपलं काय? महाराच्या घरात मांगाच्या घरचा डबा उघडतो का? वाल सोलायला आई, भाषण ठोकायला मी, हे कुठवर? आधी आपली चूल तपासा.

मग करायचं काय? यजमान 'काही आणू नका' म्हणाला तर नेऊ नका, त्याचा शब्द राखा. न्यायचं असेल तर आधी विचारा, "घरचं बिरडं आणू का?" हो म्हणाला तर घरचंच न्या. त्याला चालावं म्हणून भीतीनं पेढे नेऊ नका. आणि आपल्याकडे कुणी डबा आणला, तर त्याच्यासमोर उघडा, सगळ्यांना वाढा, पहिला घास आपण घ्या.

पुढच्या महिन्यात त्याच मित्राला मी घरी जेवायला बोलावलंय. येताना वहिनींच्या हातचं काहीतरी आण म्हणालोय. आमच्याकडे ते पहिल्या वाढीलाच वाढलं जाईल. आणि बिरडं मी करणार आहे. वाल सोलायला आत्ताच शिकतोय.

जय भीम.