स्रेब्रेनिचाचे ‘सुरक्षित क्षेत्र’

(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



१६ एप्रिल १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनिचा हे गाव ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून घोषित केले. आसपासच्या खेड्यांतून जीव मुठीत धरून आलेले हजारो बोस्नियन मुसलमान तेथे दाटीवाटीने राहत होते. सभोवती बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा होता. पाठोपाठ झालेल्या करारानुसार गावाच्या रक्षणकर्त्यांनी शस्त्रे जमा करावयाची होती. ज्याच्या हातातील शस्त्र मागून घ्यावयाचे, त्याच्या रक्षणाचा भार मागणाऱ्याच्या शिरावर येतो, हे सांगावयास कोणत्याही कायदेपंडिताची आवश्यकता नाही.

परंतु तो भार उचलण्याची तरतूद झाली नाही. बोस्नियातील अशा सहा क्षेत्रांसाठी सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील, असा अंदाज महासचिवांनी मांडला होता; परिषदेने ७,६०० मंजूर केले. राष्ट्रे आपले सैनिक परक्या युद्धात धाडण्यास कचरत होती. ही भीती अगदीच निराधार होती असे नाही. मात्र तिचा विचार घोषणेपूर्वी व्हावयास हवा होता. (या शांतिसेनेचे पहिले सेनापती मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, ठरावापूर्वीच, मार्च १९९३ मध्ये, त्यांचा कार्यकाळ संपला होता.)

११ जुलै १९९५ रोजी रात्को म्लादिच याच्या सैन्याने गाव घेतले. हलकी शस्त्रे बाळगणाऱ्या मोजक्या डच शांतिसैनिकांना मिळालेली हवाई मदत उशिरा आली आणि अपुरी ठरली. पोतोचारी येथील त्यांच्या तळाकडे वीस हजारांहून अधिक लोक धावले. तेथे बायका-मुलांना बसगाड्यांत चढवण्यात आले. पुरुष आणि मिसरूडही न फुटलेले मुलगे वेगळे काढण्यात आले. पुढील काही दिवसांत आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलगे मारले गेले. तळाच्या आत आश्रय मिळालेल्या सुमारे ३५० पुरुषांनाही बाहेर जावे लागले. त्यांच्या बाबतीत नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डच शासनावर दहा टक्के दायित्व ठेवले. मरणाची ही टक्केवारी ऐकून मन विषण्ण होते. तरीही न्यायालयाने आपल्याच शासनाला जाब विचारला, ही गोष्ट लहान नव्हे.

म्लादिच २०११ मध्ये पकडला गेला. नरसंहारासह अन्य गुन्ह्यांबद्दल २०१७ मध्ये त्याला हेग येथे जन्मठेप झाली आणि २०२१ मध्ये ती अपिलातही कायम राहिली. न्याय झाला, पण तो मृतांसाठी झाला. जिवंतांसाठी जे करावयाचे होते, त्याची वेळ १९९३ ते १९९५ या दोन वर्षांतच होती.

मारेकऱ्यांनी पुरावा लपवण्यासाठी यंत्रांनी सामूहिक कबरी उकरून प्रेते दुसरीकडे पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे निरनिराळ्या ठिकाणी सापडली आणि डीएनए चाचणीने ती जुळवावी लागली. दर ११ जुलैला पोतोचारीच्या दफनभूमीत ओळख पटलेल्यांचे दफन होते. काही कुटुंबे हाती आलेल्या एक-दोन हाडांवरच कबर बांधतात. काही अजून थांबलेली आहेत, उरलेला मुलगा सापडावा म्हणून.