अडखळणारी मोटार

ज्यानें ३५ वर्षें मुलांना व्याकरण आणि अंकगणित शिकविलें, त्यानें मोटारीच्या दुखण्यावर बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. तथापि हें ज्ञान मला पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. तें मीं पदरचे पैसे खर्चून आणि एकदां जीव धोक्यांत घालून मिळविलें आहे.

माझ्याजवळ एक प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११०० च्या घराण्यांतली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे; तें उत्पादन थांबल्याला आतां वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. चार गिअर, गिअरची काठी स्टिअरिंगलाच जोडलेली, १०८९ सी.सी.चें इंजिन आणि त्याला पेट्रोल पुरविणारा साधा कार्ब्युरेटर. संगणक तींत कोठेंच नाहीं, म्हणून ती आपलें दुखणें दिवा लावून सांगत नाहीं, झटक्यांनीं सांगते.

२०२४ च्या उन्हाळ्यांत गाडी अडखळूं लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तों ती क्षणभर श्वास रोखी आणि मग धक्का देऊन पुढें उसळे. एका मिस्त्रीनें बॉनेट न उघडतांच "क्लच गेला" असा निकाल दिला. क्लचप्लेट बदलली, खर्च झाला. झटका होता तेथेंच राहिला. पुढल्याच आठवड्यांत पत्नीला डोळ्यांच्या तपासणीसाठीं पुण्यास नेत असतां, साताऱ्याबाहेर एका फाट्यावर मीं गाडी हमरस्त्यावर घातली आणि ती ऐन मध्यावर थबकली. उजवीकडून मालमोटार येत होती. तिच्या चालकानें ब्रेक लावले म्हणून आज मी आपणांशीं बोलत आहें. वाटेंत ही कांहीं बोलली नाहीं. घरीं आल्यावर मात्र तिनें गाडीची किल्ली देवघरांत ठेवून दिली.

माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवितो. गाडीला हात लावण्यापूर्वीं त्यानें विचारलें, "सर, अडखळते केव्हां?" शाळेंत प्रश्न मी विचारीत असें, येथें मला उत्तर देतां येईना. तेव्हां त्यानें मला वही घालून दिली: इंजिन थंड कीं गरम, गिअर कोणता, चढ कीं सपाटी. किल्ली मोठ्या मिनतवारीनें मिळाली. पहाटे, रिकाम्या मैदानावर आणि गांवाबाहेरच्या ओस चढावर, एवढ्याच अटीवर.

वही कशी वाचावी हें त्यानेंच मला शिकविलें. जागेवरून सुटतांनाच गाडी थरथरत असेल, तर क्लचकडे किंवा इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतें त्यांच्याकडे पाहावें. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाहीं, तर क्लच घसरतो आहे. चवथ्या गिअरमध्यें ताशीं २५ किलोमीटरनें गाडी कुंथत असेल, तर दोष चालकाचा. खालचा गिअर घालावा. (माझ्या मेहुण्यांना हें अद्याप पटलेलें नाहीं.)

दुखणें इंजिनाचें ठरलें, म्हणजे मुख्यतः दोन वाटा उरतात: ठिणगी आणि पेट्रोल. ठिणगी चुकली कीं झटका एकाएकीं, तुटक बसतो. मग डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट जळले आहेत काय, त्यांतील फट बरोबर आहे काय, कंडेन्सर आणि प्लग ठीक आहेत काय, हें तपासावें. अंधारांत बॉनेट उघडून चालू इंजिन पाहिलें, तर खराब वायरीवरून निसटणारी ठिणगी डोळ्यांनीं दिसते. वायरीला हात मात्र लावूं नये. पेट्रोल कमी पडतें तेव्हां गाडी दमत दमत मंदावते, बहुधा चढावर किंवा वेगांत. फिल्टर तुंबलेला असतो, अथवा टाकीच्या झाकणाचें हवेचें छिद्र बुजलेलें असतें. झाकण सैल करतांच गाडी सुधारली तर निदान झालें. खंबाटकीसारखा घाट भर उन्हांत चढतांना पंप तापून पेट्रोलची वाफ होते. जुने चालक पंपावर ओलें फडकें टाकीत, तें अज्ञानानें नव्हे.

माझ्या वहींत मात्र यांतलें कांहींच नव्हतें. एका वेगानें गाडी निर्वेध चाले. चढावरहि कुरकुर नव्हती. ती अडखळे केवळ पाय एकदम दाबला असतां, मग इंजिन थंड असो वा गरम. वही वाचून विद्यार्थ्यानें एअर फिल्टर काढला, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हातानें हलविला आणि मला वाकून पाहावयास सांगितलें. कार्ब्युरेटरच्या घशांत पेट्रोलची बारीक धार उडावयास हवी होती. एक थेंब ओघळला, इतकेंच.

पाय दाबतांच हवा तत्काळ आंत शिरते. पेट्रोल हवेहून जड, तें मागें राहतें. ती उणीव भरण्यासाठीं कार्ब्युरेटरमधील एक छोटा पंप त्याच क्षणीं धार सोडतो. माझ्या गाडींतील त्या पंपाचा रबरी पडदा ताठ होऊन चिरला होता. तो कधींच बदललेला नव्हता; म्हणजे दोष गाडीचा नव्हे, माझा. शिवाय हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें आणि जुन्या घडणीच्या रबराला तें मानवत नाहीं. म्हणून त्याच दिवशीं पेट्रोलच्या रबरी नळ्याहि बदलून घेतल्या.

कामाला फार वेळ लागला नाहीं. संध्याकाळीं मैदानावर ही शेजारीं बसली. मीं पाय दाबला आणि गाडी निघाली. किल्ली अजून देवघरांतच असते. हवी तेव्हां मागून घ्यावी लागते.