मशीन खरं की व्हर्च्युअल? स्क्रिप्टला आधी विचारू द्या

आजचा भाग लिनक्सवाल्यांसाठी. समजा, चांदिवलीच्या एखाद्या डेटा सेंटरमधली २० मशीनं तुम्ही बोरिवलीत घरी बसून स्क्रिप्टने सेटअप करताय. त्यातली काही खरी, हात लावता येतील अशी. काही व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये राहणारे भाडेकरू. खऱ्या मशीनला डिस्कची तब्येत बघणारा स्मार्टडी लागतो, प्रोसेसरचा मायक्रोकोड लागतो. भाडेकरूला ते नको, त्याला गेस्ट एजंट हवा. म्हणजे आपण नक्की कुठे चालतोय, हे स्क्रिप्टला आधी कळलं पाहिजे.

त्यासाठी कमांड आहे: सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट. उत्तर येतं केव्हीएम, व्हीएमवेअर, ओरॅकल वगैरे. खरं मशीन असेल तर 'नन'. पण 'नन' सांगताना एक्झिट कोड शून्य येत नाही, आणि शून्य नाही म्हणजे शेलच्या लेखी कमांड फसली! स्क्रिप्टच्या वर 'सेट मायनस ई' असेल तर ती तिथेच थांबते, एक अक्षर न बोलता. लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये शंभरदा टेस्ट करा, पास. पहिल्या खऱ्या सर्व्हरवर आडवी. आणि असं काम बहुतेक रात्रीचंच असतं, मदतीला कोणी नसतं. उपाय छोटा आहे: कमांडच्या पुढे दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू'.

काही जण ही कमांड सोडून बायॉसमधलं कंपनीचं नाव वाचतात. व्हर्च्युअलबॉक्स तिथे 'इनोटेक' सांगतो. ही जर्मन कंपनी २००८ मध्ये सनने घेतली, २०१० मध्ये सनला ओरॅकलने. पाटी मात्र तीच, चाळीतल्या दारावर आजोबांचं नाव राहतं तशी. 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' हे नाव हायपर-व्हीच्या व्हर्च्युअल मशीनवर असतं आणि सरफेस लॅपटॉपवरही. अ‍ॅमेझॉनचा क्लाउड २०१६ पासून मुंबईतही आहे, तो तुमच्यापैकी अनेकांनी वापरला असेल. त्यांचे 'मेटल' प्रकारचे सर्व्हर अख्खे खरे, तरी पाटी 'अ‍ॅमेझॉन ईसीटू'च. ती वाचून सिस्टमडीच्या जुन्या आवृत्त्याही फसल्या, खऱ्या मशीनला व्हर्च्युअल म्हणाल्या.

अ‍ॅन्सिबलवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळा खड्डा आहे. व्हर्च्युअलायझेशन टाइप 'केव्हीएम' दिसला की लगेच गेस्ट समजू नका. ज्या सर्व्हरवर बाकीचे भाडेकरू राहतात, त्या घरमालकाकडूनही 'केव्हीएम'च उत्तर येतं. शेजारचा 'रोल' वाचा: गेस्ट की होस्ट. अट त्यावर लावा, नाहीतर गेस्ट एजंट थेट घरमालकावर जाऊन बसेल.